मोर-द-शियाँ : एका मेलेल्या इंग्रजी शब्दाचं पोस्टमॉर्टेम

कॉलऱ्याला इंग्रजीत एकेकाळी ‘मोर-द-शियाँ’ म्हणायचे. आपल्या मोराचा इथे काही संबंध नाही. शब्दाचं स्पेलिंग फ्रेंच आहे आणि फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ सरळसरळ ‘कुत्र्याचं मरण’ असा होतो. अठराव्या शतकात भारतात आलेले इंग्रज डॉक्टर, आरमारातले सर्जन, अगदी न्यायाधीशसुद्धा हा शब्द वापरत होते. पुढे तो मागे पडला आणि आता फक्त जुन्या पुस्तकांत सापडतो.

गंमत अशी की या शब्दात ना मरण आहे, ना कुत्रा. तो मूळचा आपला ‘मोडशी’ आहे. जड जेवण झालं, पोट बिघडलं की घरातली म्हातारी माणसं ‘मोडशी झाली’ म्हणतात ना, तीच ही मोडशी.

एवढं वाचलं की छाती फुगते. ‘इंग्रजांनी मराठी शब्द उचलला’ असं म्हणून बहुतेक जण तिथेच थांबतात. पण आपण पेटची, नेट-सेटची तयारी करतोय, उद्या सिनॉप्सिस लिहायचाय. आपल्याला तिथे थांबून चालत नाही. आपले प्रश्न तिथून सुरू होतात : हे ठरवलं कुणी? कशावरून? आणि त्यावरून नेमकं काय सिद्ध होतं? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही सायन्सवाले, आम्हाला शब्दांच्या जन्मकुंडल्या कशाला? सांगतो. रोग, वनस्पती, किडी, माती, पाणी यांतल्या कशावरही काम करा, लिटरेचर रिव्ह्यूमध्ये पन्नास-शंभर वर्षं मागे गेलात की नावं बदललेली दिसतात. जुनं नाव आणि आजचं नाव यांच्यात बरोबरीचं चिन्ह टाकायचं की नाही, हा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो. तो कसा घ्यायचा, ते बघण्यासाठी आज एका कोशातली एक नोंद घेऊ आणि एखाद्या शोधनिबंधासारखी तपासू.

नोंद काय म्हणते

कोशाचं नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. भारतातल्या इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेल्या देशी शब्दांचा हा कोश १८८६ साली लंडनला प्रसिद्ध झाला. लेखक दोन : बंगाल इंजिनिअर्समधून निवृत्त झालेले हेन्री यूल आणि मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी व संस्कृतचे अभ्यासक ए. सी. बर्नेल. बर्नेल १८८२ मध्येच वारले, त्यामुळे शेवटचा हात यूलचा. १९०३ साली विल्यम क्रुकने त्याची सुधारित आवृत्ती काढली.

या कोशाचं नावच आपल्या विषयाला धरून आहे. मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश गोऱ्या सोल्जरांच्या कानाला ‘हॉब्सन-जॉब्सन’ असा ऐकू आला, म्हणजे त्यांच्याकडची दोन नेहमीची आडनावं. परका आवाज कानावर पडला की माणूस तो आपल्या ओळखीच्या शब्दांत बसवतो. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात.

मोर-द-शियाँच्या नोंदीत यूल दोन दावे करतो. पहिला दावा शब्दाचा : मराठी-कोकणी ‘मोडशी’, तिचं पोर्तुगीजांनी केलं ‘मोर्देशिं’, आणि त्याचं फ्रेंच वळणाने झालं ‘मोर-द-शियाँ’. दुसरा दावा रोगाचा : गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या कारकिर्दीपूर्वी, म्हणजे १८१७ पूर्वी, भारतात कॉलऱ्याची साथ कधी नव्हतीच, हा समज बिनबुडाचा आहे. त्याच्या मते जुनं नाव वेगळं असल्यामुळेच हा गैरसमज पसरला असावा.

दोन्ही दावे एकाच परिच्छेदात, एकाच दमात येतात. त्यामुळे वाचताना वाटतं की पहिला खरा तर दुसराही खरा. इथेच सावध व्हायचं. दोन्ही दाव्यांना लागणारा पुरावा वेगवेगळ्या जातीचा आहे.

पहिला दावा : शब्दाचा प्रवास

हा दावा भक्कम आहे. का, ते तपासता येतं.

गोव्यात १५३४ साली आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने औषधी वनस्पतींवर संवादरूपात एक ग्रंथ लिहिला. तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यातल्या एका संवादात या रोगाची चर्चा आहे. इथले लोक त्याला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आपण पोर्तुगीज त्याचा अपभ्रंश करतो, असं तो स्वतःच नोंदवतो. म्हणजे अपभ्रंश करणाऱ्यांपैकीच एकाची साक्ष आपल्या हातात आहे. गास्पार कोर्रेया हा इतिहासकार १५४३ च्या गोव्यातल्या साथीबद्दल लिहितो, तेव्हा जवळपास हेच नाव देतो. पुढे १५८०च्या दशकात गोव्यात राहून गेलेला डच प्रवासी लिन्सखोतेन ‘मोर्देशिन’च्या जवळचं रूप वापरतो.

आता उच्चार बघू. ‘मोडशी’चा ‘मोर्शी’ कसा होतो? आपला ‘ड’ दोन स्वरांच्या मध्ये आला की जीभ टाळूला निसटती लागते. ज्याच्या भाषेत हा वर्ण नाही, त्याला तो कधी ‘र’, कधी ‘द’, कधी ‘र्द’ ऐकू येतो. म्हणून मोर्शीही सापडतं आणि मोर्देशिंही. शेवटचा अनुस्वार कुठून आला? इथे एकच उदाहरण देऊन भागत नाही, पॅटर्न दाखवावा लागतो. तो आहे. पणजीचं पोर्तुगीजांनी ‘पंजिम’ केलं, वसईचं ‘बसाईं’ केलं. संस्कृत ‘मंत्री’ मलय भाषेतून त्यांच्याकडे गेला तर त्याचा ‘मांदारिं’ झाला. इंग्रजीतला ‘मँडरिन’ तो हाच. शेवटच्या ‘ई’ला नाकात ओढायची ही सवयच होती. मोडशीचं मोर्देशिं होणं त्या सवयीत चपखल बसतं.

फ्रेंचांनी ‘मोर्देशिं’ ऐकलं आणि त्यांच्या कानाने त्याचे तीन तुकडे केले : मोर, द, शियाँ. रोगही असा की माणूस काही तासांत तडफडून जातो, म्हणून अर्थही पटला. इंग्रजांनी ते स्पेलिंग तसंच उचललं.

इथे मराठी वाचकासाठी एक खास सापळा आहे. आपल्याकडेही ‘कुत्र्याच्या मौतीनं मरणं’ असा वाक्प्रचार आहे. त्यामुळे कुणी सांगितलं की ‘फ्रेंचांनी आपल्या वाक्प्रचाराचं भाषांतर केलं’, तर ते पटकन खरं वाटेल. पण तारखा लावून बघा. मोर्शी, मोर्देशिं ही रूपं सोळाव्या शतकातली आहेत आणि त्यांत कुत्रा नाही. कुत्रा नंतर आला. गोष्ट पटते, एवढ्यावर ती खरी ठरत नाही.

या दाव्यातला एक सांधा मात्र थोडा सैल आहे. यूल ‘मोडशी’ हा शब्द ‘मोडणे’ या क्रियापदावरून आणतो : शरीर मोडून पडतं ती मोडशी. अर्थाच्या दृष्टीने हे छान जुळतं. अंग मोडून येणं, माणूस मोडून पडणं हे आपण बोलतोच. पण मोडशी ते मोर-द-शियाँ हा प्रवास तारीखवार कागदांवर उभा आहे, आणि मोडणे ते मोडशी हा सांधा फक्त अर्थाच्या जवळिकीवर. दोन्ही विधानं एकाच ठामपणे लिहिणं बरोबर नाही. थिसिसमध्ये ‘सिद्ध होतं’ आणि ‘संभवतं’ यांतला फरक म्हणतात तो हाच.

दुसरा दावा : रोगाचा इतिहास

आता १८१७ कडे येऊ. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बंगालात जेसोर इथे कॉलऱ्याची साथ भडकली. नोव्हेंबरमध्ये पेंढाऱ्यांच्या मोहिमेवर निघालेल्या हेस्टिंग्जच्या फौजेत ती बुंदेलखंडात शिरली आणि माणसं पटापट मेली. १८१८ मध्ये नागपूरवरून जालना, औरंगाबाद, नगर, पुणे असा छावण्यांचा रस्ता धरत ती पावसाळ्यात मुंबईला पोचली. जालन्याला इंग्रजी फौजेचा तळ होता, म्हणून त्या काळच्या वैद्यकीय कागदांत आपल्या गावाचं नाव येतं, तेही ‘जॉलना’ अशा आता मेलेल्या स्पेलिंगने. पुढे हीच साथ देश ओलांडून गेली. तिला आज कॉलऱ्याची पहिली जागतिक साथ म्हणतात.

मग वाद पेटला : हा रोग नवा की जुना? हा वाद नुसता पंडितांचा नव्हता. रोग नवा असेल, तर १८१७ च्या आसपास काय बदललं ते शोधावं लागतं : फौजांच्या हालचाली, व्यापार, दुष्काळ, पाऊस. रोग कायमचाच असेल, तर ‘ही जमीनच तशी, ही माणसंच तशी’ म्हणून हात झटकता येतात. शब्दाच्या एका नोंदीवर किती ओझं आहे बघा. यूलच्या आधी जॉन मॅक्फर्सन नावाच्या डॉक्टरने १८७२ साली १८१७ पर्यंतच्या कॉलऱ्याचा इतिहास लिहिला होता. त्याचाही रोख रोग जुना असल्याचं दाखवण्याकडेच होता.

यूलचं इथे काय बरोबर? त्याने दिलेल्या उताऱ्यांतले दोन खरोखर वजनदार आहेत. कोर्रेया सांगतो की १५४३ मध्ये गोव्यात इतकी माणसं मेली की गव्हर्नरने चर्चच्या घंटा वाजवायला बंदी केली. प्रेत उघडून बघितल्याचंही तो सांगतो. गार्सिया लक्षणं देतो : नाडी लागत नाही, घाम थंड, पायांत गोळे, प्रचंड तहान, आणि बहुतेक रोगी चोवीस तासांत संपतो. मायक्रोबायोलॉजीचं पुस्तक उघडून ताडून बघा. कॉलऱ्याच्या जंतूचं विष आतड्याच्या पेशींतून क्षार आणि पाणी बाहेर ओढतं. पाणी गेलं की रक्त दाटतं, नाडी बुडते, हातपाय गार पडतात, स्नायूंत गोळे येतात. गार्सियाचं वर्णन या क्रमाशी जुळतं.

पण नीट बघा, इथे काम कोण करतंय? वर्णन करतंय, नाव नाही. गार्सियाने या रोगाला दुसरं कुठलंही नाव दिलं असतं तरी हा पुरावा तेवढाच राहिला असता.

आणि फक्त नाव असेल तर काय होतं? त्याचंही उदाहरण यूलच्याच नोंदीत आहे. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश एलायजा इम्पे १७८० च्या एका पत्रात सांगतात की आपल्याला वर्षातून एकदोनदा या रोगाचा जोरदार झटका येतो, इथे त्याला मोर-द-शियाँ म्हणतात. वर्षातून एकदोनदा! गार्सियाचा रोगी चोवीस तासांत जातो आणि इम्पेसाहेब दरवर्षी आजारी पडून पुन्हा कोर्टात बसतात. नाव तेच, पण आजार तोच असेल असं कसं म्हणायचं? त्याच सुमारास, १७८२-८३ मध्ये, मद्रासच्या नौदल रुग्णालयात काम केलेला सर्जन चार्ल्स कर्टिस याच नावाखाली खलाशांना होणारा, जीवघेण्या गोळ्यांचा रोग वर्णन करतो. म्हणजे एकाच दशकात एकाच शब्दाच्या पोटात अपचनापासून मृत्यूपर्यंत सगळं होतं.

यूलने हे दोन्ही प्रकारचे साक्षीदार एका रांगेत उभे केले. कोशकाराच्या कामात ते बरोबरच आहे, त्याला शब्दाचे सगळे वापर दाखवायचे असतात. चूक होते ती त्या रांगेवरून रोगाचा निकाल देताना. १८१७ पूर्वी साथ नव्हती हे म्हणणं चुकीचं, हा त्याचा निष्कर्ष कोर्रेया आणि गार्सियाच्या जोरावर टिकतो. पण ‘मोडशी हा शब्द होता, म्हणजे कॉलरा होता’ हा तर्क टिकत नाही. उत्तर बरोबर आलं म्हणून रीत बरोबर ठरत नाही. हे तर दहावीच्या गणितातही शिकवतात.

चार भाषा, एकच सवय

आता आपल्या भागात येऊ. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दप्तराची भाषा उर्दू होती, म्हणून इकडच्या जुन्या बोलण्यात कॉलऱ्याला ‘हैजा’ म्हणायचे. गावात ‘पटकी’ म्हणायचे. आणि साथ आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचे. दप्तराचं नाव वेगळं, ओट्यावरचं वेगळं, देवीचं वेगळं.

यातला हैजा हा शब्द गार्सियाच्या ग्रंथातही आहे. अरब लोक या रोगाला काय म्हणतात ते सांगताना तो त्याचंच पोर्तुगीज कानाने ऐकलेलं रूप देतो. पण अरबी वैद्यकात या शब्दाचा जुना अर्थ बघा : अन्न न पचल्याने होणाऱ्या उलट्या-जुलाब. आयुर्वेदात आज कॉलऱ्याला ‘विसूचिका’ हा प्रतिशब्द देतात. चरक-सुश्रुतात विसूचिका हा अजीर्णाशी जोडलेला विकार आहे, सुया टोचल्यासारख्या वेदना होतात म्हणून विसूचिका. खुद्द ‘कॉलरा’ हा शब्द ग्रीक आहे, पित्ताशी नातं असलेला. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उन्हाळ्यातल्या नेहमीच्या उलट्या-जुलाबांनाही कॉलराच म्हणत. आणि आपली मोडशी तर आजही अपचनच आहे.

म्हणजे मराठी, अरबी, संस्कृत, ग्रीक या चारही भाषांत हे शब्द आधी पोटाच्या बिघाडाचे होते. एका ठरावीक जंतूच्या रोगाचे ते नंतर झाले. जंतूच माहीत नव्हता, तर नाव जंतूचं कसं असेल? फिलिप्पो पाचिनीला तो फ्लॉरेन्समध्ये १८५४ साली सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, पण जगाने लक्ष दिलं नाही. रॉबर्ट कॉखने १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कलकत्त्यात काम करून तो वेगळा काढला. रोग नेमका कोणत्या विषाने होतो हे कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवलं. यूलचा कोश कॉखनंतर दोनच वर्षांनी आला आहे, हेही ध्यानात ठेवा.

आजच्या व्याख्येने जुन्या शब्दाला पकडणं यालाच मागे जाऊन केलेलं निदान म्हणतात. ते करूच नये असं नाही. पण ते वर्णनावरून करायचं, नावावरून नाही. नाहीतर उद्या कुणी म्हणेल की गार्सियाने देशी वैद्य रोग्याला मिरी-जिरं घालून तांदळाची पेज देतात असं लिहिलंय, म्हणजे ओआरएस आपण सोळाव्या शतकातच शोधलं. पेज दिली हे खरं. पण क्षार आणि साखर किती प्रमाणात दिली की आतडं पाणी परत ओढतं, हे तत्त्व त्या पेजेत कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

नोंदीत कोण नाही

कुठलाही पेपर वाचताना सॅम्पल कुठून घेतलं हे बघायचं असतं. यूलच्या नोंदीतले साक्षीदार मोजा : पोर्तुगीज, डच, फ्रेंच, इंग्रज वगैरे. शब्द मराठी-कोकणी, पण तो वापरणारा मराठी किंवा कोकणी माणूस त्यात एकही नाही. ज्याला मोडशी व्हायची त्याला विचारलेलंच नाही की बाबा, तू कशाला मोडशी म्हणतोस आणि कशाला पटकी. हाच या नोंदीतला सगळ्यात मोठा दोष आहे, आणि सव्वाशे वर्षांहून जास्त काळ तिचा आधार घेणारे बहुतेक लोक त्यावरून तसेच पुढे गेले.

ही उणीव भरून काढता येण्यासारखी आहे. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे लाखो कागद आहेत, बहुतेक मोडीत. फौजेत आजार पसरला, माणसं मेली, मुक्काम हलवला, अशा मजकुराची पत्रं फौजेच्या व्यवहारात असतातच. त्या पत्रांत रोगाचं नाव काय लिहितात, लक्षणं काय देतात, किती दिवसांत किती माणसं गेली म्हणतात, हे १८१७ पूर्वीच्या वर्षांसाठी ओळीने काढलं, तर यूलच्या रांगेत मराठी साक्षीदार उभे राहतील. हे काम नुसत्या इतिहासवाल्याचं नाही, त्याला कॉलऱ्याचा वेग आणि लक्षणांचा क्रम माहीत असलेला माणूस लागतो. नुसत्या सायन्सवाल्याचंही नाही, त्याला मोडी यावी लागते. मोडीचे वर्ग आता बऱ्याच ठिकाणी चालतात आणि लिपी काही महिन्यांत हाताला बसते.

सायन्स घेऊन विषय शोधत असाल आणि गाईड ‘काहीतरी नवीन आणा’ म्हणत असतील, तर हा विषय घेऊन जा. मात्र जाताना वहीत दोन रकाने आखा. एकात लिहा ‘कागदात नाव काय दिलंय’, दुसऱ्यात ‘कागदात प्रत्यक्ष काय घडलं म्हणतात’. पहिल्या रकान्यात मोडशी असेल आणि दुसरा कोरा असेल, तर तिथे कॉलरा लिहायचा मोह आवरा. तो रकाना कोराच ठेवा.